झेनचे तळवे

मुलुंड ईस्टला आमच्या बिल्डिंगखाली जी पार्किंगची जागा आमच्या वाट्याला आलीय ती खांब आणि पाण्याच्या टाकीची भिंत यांच्या मधे आहे. तिथे गाडी लावायची म्हणजे आधी स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग हातभर मागे, मग जागच्या जागी पूर्ण उजवीकडे, परत मागे, असं चार-पाच वेळा करावं लागतं. बाबा हे १९९८ पासून करतायत. खांबाला एकदाही घासली नाहीये त्यांनी. मी दोनदा घासलीय. ही जागा आधी सांगतोय कारण पुढचं सगळं शेवटी इथेच येऊन अडकलं.

गाडी म्हणजे मारुती झेन, १९९८ ची, एमएच ०३, सिल्व्हर. बाबा विक्रोळीला एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमधे होते, पतपेढीचं कर्ज काढून त्यांनी ती घेतली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. ९९३ सीसीचं कार्ब्युरेटरवालं इंजिन, पन्नासच्या आसपास हॉर्सपॉवर, पॉवर स्टिअरिंग नाही, आणि टायर १४५/७० आर१३. हे आकडे मला दहाव्या वर्षीच पाठ झाले होते. बाबांचे एक मित्र भांडुपच्या सिएटमधे कामाला होते, पेढे घ्यायला आले तेव्हा त्यांनी मला गाडीपाशी उकिडवं बसवून टायरवरची अक्षरं वाचायला शिकवली. १४५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमधे, ७० म्हणजे त्या रुंदीच्या ७० टक्के साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, आर म्हणजे रेडियल, १३ म्हणजे रिमचा व्यास इंचात. त्यातली गंमत मला तेव्हाच लागली, की एकाच टायरवर रुंदी मिलिमीटरमधे, उंची टक्क्यात आणि रिम इंचात, तीन वेगळ्या भाषा, आणि तरी जगात कुठेही दुकानदाराला सांगितलं की त्याला बरोबर कळतं. त्यापुढे ७१टी असं होतं. ७१ म्हणजे एक टायर ३४५ किलो वजन पेलणार आणि टी म्हणजे ताशी १९० पर्यंत चालणार. झेन १९० ने जाईल असं मला बरेच दिवस वाटत होतं.

या गाडीवर बाबांचा जीव आहे हे वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला त्या दिवशी, ते कलिन्याला अडकले, सीटपर्यंत पाणी आल्यावर गाडी तिथेच सोडली आणि चालत मुलुंडला आले, घरी पोचायला पहाट झाली. चार दिवसांनी टो करून आणली. लोक म्हणाले इन्शुरन्सचे पैसे घ्या आणि मोकळे व्हा. बाबांनी सीट बाहेर काढून गच्चीवर वाळवल्या, कार्पेट धुतलं, मागचे ब्रेक ड्रम स्वतः उघडून साफ केले, मेकॅनिककडून सगळी ऑइलं बदलून घेतली, आणि गणपतीला आम्ही त्याच गाडीतून गावाला गेलो.

तर अशी गाडी २०११ मधे माझ्या हातात आली. ऐरोलीला नोकरी लागली होती, बाबा म्हणाले वापर आता तू, मी रविवारी घेत जाईन. आणि मला तिच्यात एकच गोष्ट खुपायची, तिचे टायर. मागून बघितलं की झेन अशी दिसायची जसं एखादं लहान पोर शाळेच्या प्रार्थनेला पाय जुळवून उभं आहे. बॉडी मस्त गोल, गुबगुबीत, आणि खाली चार बारीक चाकं मडगार्डच्या आत लपलेली. मला ती पाय रोवून उभी राहिलेली बघायची होती. त्या वयात गाडीवर प्रेम करायची मला एवढीच रीत माहीत होती, आणि ते प्रेम खरं होतं हे मी आजही म्हणेन.

शनिवारी ऑपेरा हाऊसला जाऊन नुसते रिम बघत फिरायचो. मुंबईत अ‍ॅलॉय व्हीलला जुनी माणसं अजून मॅगव्हील म्हणतात. शेवटी कुर्ल्याला सीएसटी रोडवर एका दुकानात टायरसकट सेकंडहँड सेट मिळाला, १४ इंची, सहा इंच रुंद, पाच स्पोकचा, वर १८५/६० आर१४ चे टायर, अर्धे झिजलेले. रिमला चारच्या जागी आठ होल होते. मी विचारलं हे काय, तर तो म्हणाला दोन पीसीडी आहेत, कुठल्याही गाडीला बसतं. पीसीडी म्हणजे ज्या वर्तुळावर नटांची होलं असतात त्याचा व्यास. बऱ्याच छोट्या गाड्यांना तो १०० मिमी असतो, झेनला चार होल आणि ११४.३ मिमी, म्हणजे बरोबर साडेचार इंच. आठातले चार होल झेनच्या बोल्टवर बरोबर बसले, नट आवळले गेले, आणि मला वाटलं झालं. ‘बसतंय’ आणि ‘चालतंय’ यात केवढा फरक असतो ते त्या दुपारी मला कोणी सांगितलं नाही, दुकानदाराने तर नाहीच, आणि मीही विचारलं नाही.

गाडी घेऊन निघालो तेव्हा एलबीएस रोडवर दुकानांच्या काचांमधे तिचं प्रतिबिंब बघत येत होतो. मडगार्ड गच्च भरले होते. बिल्डिंगमधली पोरं खाली आली. बाबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, मागच्या टायरवर हात ठेवला, मडगार्डची कड आणि टायर यांच्यामधे बोट घालून बघितलं, बोट जात नव्हतं. काही बोलले नाहीत. छान दिसतायत एवढंच म्हणाले, आणि वर गेले.

आता आकडे सांगतो, जे मी तेव्हा मांडायला हवे होते. १४५/७० आर१३ ची उंची काढायची तर १४५ चे ७० टक्के म्हणजे साधारण १०१.५, ते वर आणि खाली म्हणून दुप्पट २०३, अधिक १३ इंच म्हणजे ३३०, एकूण ५३३ मिमी. नवीन १८५/६० आर१४ ची उंची तशीच काढली की येते ५७८ मिमी. म्हणजे चाक आठ टक्क्यांनी मोठं. स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो, त्याला काय माहीत चाक मोठं झालंय, त्यामुळे काटा ६० वर असताना गाडी ६५ ने धावायची. आणि चाक आठ टक्के मोठं म्हणजे प्रत्येक गिअर आठ टक्के लांब झाला. पन्नास हॉर्सपॉवरच्या गाडीला ते फार कळतं. आधी बोरघाटात जो चढ ती तिसऱ्या गिअरमधे गुणगुणत चढायची तिथे आता दुसरा टाकावा लागायचा आणि दुसऱ्यात ती ओरडायची. मला वाटलं कार्ब्युरेटर खराब झालाय. दोनदा साफ करून घेतला.

मग खर्रखर्र. मागे दोघं बसले आणि खड्डा आला की टायर मडगार्डच्या आतल्या कडेला घासायचा. एकाने सांगितलं कड आत ठोकून घे, ती घेतली, कडेचा रंग उडाला आणि पावसाळ्यात तिथूनच गंज धरला. पुढे पूर्ण वळवलं की आतल्या बाजूला लायनरला घासायचं. ऐंशीच्या पुढे गेलं की स्टिअरिंग थरथरायचं, व्हील बॅलन्सिंग तीन वेळा केलं तरी तेच. त्याचं कारण फार नंतर कळलं. कुठल्याही गाडीला चालावेत म्हणून बाजारातल्या अशा रिमचं मधलं भोक मोठं ठेवतात, बऱ्याचदा ७३.१ मिमी, आणि गाडीचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला गोल भाग, त्यापेक्षा लहान असतो. ओरिजिनल रिम हबवर टोपीसारखी घट्ट बसते, तिथेच ती बरोबर मध्यावर येते. भोक मोठं असेल तर रिम फक्त नटांच्या भरवशावर मधे येते आणि नट आवळताना थोडी जरी इकडेतिकडे सरकली की चाक लंबकासारखं झुलतं. यावर इलाज काय, तर एक साधी रिंग, हब आणि रिमच्या मधे बसणारी, हब रिंग म्हणतात, प्लास्टिकची किंवा अ‍ॅल्युमिनियमची. शंभर-दोनशे रुपयांची गोष्ट. तिच्यासाठी मी आठ महिने बॅलन्सिंगवाल्यांच्या दारात उभा होतो.

बेअरिंगचं मात्र जास्त लागलं. वर्षाच्या आत पुढचं डावं बेअरिंग घोंघायला लागलं, मग उजवं. ठाण्याला एक अलाइनमेंटवाले काका आहेत, साताऱ्याकडचे, हातात कायम कॉटन वेस्टचा बोळा. त्यांनी गाडी वर घेतली, चाक काढून जमिनीवर पालथं घातलं आणि मला म्हणाले, दादा इथे बघ. रिमच्या रुंदीचा बरोबर मध्य आणि रिम जिथे हबला टेकते ती पाटी यांच्यात जे अंतर असतं त्याला ऑफसेट म्हणतात, रिमच्या आत ईटी असं कोरलेलं असतं. पाटी मध्यापेक्षा बाहेरच्या बाजूला असली की ऑफसेट पॉझिटिव्ह, आणि चाक गाडीच्या आत दडतं. ऑफसेट कमी केला की चाक बाहेर येतं. समजा रिम एक इंच रुंद घेतली, तर अर्धा इंच आत आणि अर्धा बाहेर वाढली, म्हणजे दोन्हीकडे पावणेतेरा मिमी, आणि वर ऑफसेट दहाने कमी असेल तर बाहेरची कड जवळजवळ २३ मिमी पुढे आली. दिसायला तेच हवं असतं ना सगळ्यांना, चाक बाहेर. पण बेअरिंगला काय वाटतं, तर जे वजन त्याच्या डोक्यावर सरळ होतं ते आता कोणीतरी हात लांब करून धरलंय. काका म्हणाले, पाण्याची बादली अंगाशी धरून जिना चढ आणि मग हात लांब करून चढ, किती मजले जाशील. स्टिअरिंगचंही तसंच. चाक ज्या रेषेभोवती वळतं ती रेषा जमिनीला जिथे मिळते तिथून टायरचा मध्य लांब गेला की प्रत्येक खड्डा स्टिअरिंगला हिसका देतो. आपल्या मुंबईत, जिथे डांबर संपून पेव्हर ब्लॉक सुरू होतात आणि ते संपून परत डांबर, मधे एक गटाराचं झाकण दोन इंच खाली, तिथे असे हिसके मिनिटाला किती बसतात ते सांगायला नको.

आणि एका पावसात तर मी खरंच घाबरलो. रात्री दहाचा सुमार, ईस्टर्न एक्सप्रेस हायवे, विक्रोळी सोडून मी मुलुंडकडे येत होतो. धो धो पाऊस, डाव्या लेनमधे पाण्याचा पातळ थर, काटा पासष्टवर म्हणजे खरा वेग सत्तर. आणि एकदम स्टिअरिंग हलकं झालं. जे स्टिअरिंग दोन हातांनी ओढावं लागायचं ते एका बोटाने फिरेल इतकं हलकं. दोन सेकंद असेल. गाडी सरळ गेली म्हणून गेली, मी काही केलं म्हणून नाही. टायरला पाण्यातून जाताना समोरचं पाणी बाजूला सारावं लागतं, टायर जितका रुंद तितकं जास्त पाणी, आणि रुंद टायरचा जमिनीला टेकलेला तुकडा आडवा आणि आखूड असतो, त्यामुळे पाणी बाजूला व्हायच्या आत टायर त्याच्यावर चढतो. आणि माझे टायर अर्धे झिजलेले, म्हणजे पाणी जायला चऱ्याही उथळ. नव्या टायरला सहा-सात मिमीच्या वर चर असते, कायद्याने १.६ मिमीला टायर बाद, पण माझं मत विचाराल तर मुंबईच्या पावसात तीन मिमीच्या खाली गेलेला टायर ठेवूच नये. दिसायला तो चांगला दिसतो, उन्हाळ्यात चालतोही चांगला, पण जूनमधे त्याचा काही भरवसा नाही.

हे सगळं होत असताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. बाबा गाडी चालवेनासे झाले होते.

म्हणजे कोणी काही बोललं नाही. रविवारी ते भाजी आणायला चालत जायला लागले. डोंबिवलीला आत्याकडे ट्रेनने. मी म्हणायचो बाबा गाडी न्या की, तर म्हणायचे अरे पार्किंग मिळत नाही तिकडे. मला वाटलं वय झालं, साठीला आले, कंटाळा येत असेल. एक दिवस आईने पोळ्या लाटता लाटता सांगितलं, त्यांना हँडल फिरवता येत नाही रे आता, खांद्याचं दुखणं आहे ना, खाली पार्किंगमधे गाडी लावताना दोनदा हात सुटला, तुला सांगू नको म्हणाले, पोराने हौसेने केलंय.

मी खाली गेलो आणि गाडीत बसून इंजिन चालू करून जागच्या जागी स्टिअरिंग फिरवून बघितलं. मी तेवीस-चोवीसचा, रोज करत होतो म्हणून मला काही वाटत नव्हतं. पण त्या दिवशी डाव्या हाताने फिरवून बघितलं, फक्त डाव्या, कारण बाबांचा उजवा खांदा दुखायचा. फिरलं नाही. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवायचं म्हणजे टायरचा रस्त्याला टेकलेला तुकडा जमिनीवर रगडत गोल फिरवायचा, तो तुकडा जितका रुंद आणि जितका बाहेर सरकलेला तितकी ताकद जास्त. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत ही ताकद माणसाच्या खांद्यातून येते. हे गणित मला कोणी दुकानात सांगितलं असतं तरी कळलं नसतं, ते मला आमच्या खांबाशेजारी बसून कळलं, आणि मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

२०१३ मधे आरसीची पंधरा वर्षं संपली, रिन्यूअलला गाडी आरटीओत दाखवायची होती. इन्स्पेक्टरने एकदा मागून बघितलं आणि म्हणाले टायर मडगार्डच्या बाहेर आलेत, हे काढा, कंपनीचे लावून परत या. बरोबरच होतं त्यांचं. घरी माळ्यावर जुने पत्र्याचे रिम होते, बाबांनी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले होते, प्रत्येकावर पेनने लिहिलेलं पुढे डावं, मागे उजवं. नवे १४५ चे टायर चढवले. पहिल्याच संध्याकाळी बाबा चावी घेऊन खाली गेले आणि अर्ध्या तासाने वर आले, कुठे गेला होतात विचारलं तर म्हणाले कुठे नाही, इथेच, एक राउंड.

मी तेव्हा ठरवलं होतं की आता नाद सोडायचा. गंमत म्हणजे सोडू दिला नाही तो बाबांनीच. एका रविवारी म्हणाले, तुझ्या त्या टायरांचं मला एक कळत नाही, रुंद टायर जास्त पकडतो म्हणतात, पण गाडीचं वजन तर तेवढंच, हवेचा दाब तेवढाच, मग जमिनीला टेकलेली जागा वाढेलच कशी? मी म्हटलं वाढत असेल की. ड्रॉइंग ऑफिसमधे पस्तीस वर्षं काढलेला माणूस ‘असेल की’ ऐकून घेत नाही. म्हणाले, काढून बघू.

ओळखीतल्या एकाकडून १६५/६५ आर१३ चा टायर चढवलेलं एक चाक दिवसभरासाठी आणलं, त्याच्याकडेही झेनच होती. बाबांनी ग्राफ पेपर काढला, चेरी ब्लॉसमची काळी डबी आणली. पुढचं चाक जॅकने उचललं, टायरच्या तळाला जुन्या ब्रशने बूटपॉलिश फासलं, खाली पुठ्ठा, त्यावर ग्राफ पेपर, आणि गाडी हळूहळू खाली सोडली. परत उचलली. कागदावर टायरचा ठसा उमटला होता, लक्ष्मीच्या पावलासारखा. मग दुसरं चाक लावून तसंच, दोन्हींत हवा बरोबर ३० पीएसआय. वॉचमन आणि दुसऱ्या मजल्यावरचे दोघं बघायला उभे होते. मग आम्ही दोघं वर येऊन जेवणाच्या टेबलावर चौकोन मोजत बसलो. १४५ चा ठसा साधारण दहा सेंटिमीटर रुंद आणि अकरा लांब. १६५ चा पावणेबारा रुंद आणि लांबी दहालाही थोडी कमी. क्षेत्रफळ एकाचं ११०-११२ चौरस सेंटिमीटर, दुसऱ्याचं ११५-११६. म्हणजे जवळपास सारखंच! झेनच्या एका पुढच्या चाकावर सव्वादोनशे-अडीचशे किलो येतात, ३० पीएसआय म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर २.१ किलो, भागून बघा, तेवढंच उत्तर येतं. टायर कितीही रुंद घ्या, हवा भरते ती हवाच, आणि तीच ठरवते किती जागा टेकायची. रुंद टायरने जागा फार वाढत नाही, आकार बदलतो, उभा ठसा आडवा होतो.

बाबांनी तळहात त्या ठशावर ठेवला. बोटं सोडून जेवढा तळवा उरतो त्याहून थोडीशीच मोठी जागा. म्हणाले, आपण चौघं, सामान, गाडी, सगळं एवढ्याशा चार तळव्यांवर असतं होय. मी इतकी वर्षं टायरवर वाचत होतो पण गाडी जमिनीला कुठे टेकते हे कधी बघितलंच नव्हतं.

मग रुंद टायरचा उपयोग काय, तर आहे. आडवा ठसा वळणावर कमी मुरडतो, गाडी स्टिअरिंगचं लवकर ऐकते, कोरड्या रस्त्यावर घाटात ते मस्त जाणवतं. झेनचं मूळ टायर वळणात अंग टाकायचं, किंचित उशिरा यायचं. तेवढं सुधारायला चाळीस मिमी लागत नाहीत, वीस पुरतात. आणि उंची फार बदलायची नाही. १६५/६५ आर१३ ची उंची येते ५४५ मिमी, ओरिजिनलपेक्षा दोन टक्के जास्त, काटा शंभरवर असेल तर खरा १०२. साइडवॉल १०१ ची १०७ झाली, म्हणजे खड्ड्यांसाठी वाढलीच. साइडवॉल कमी करून मोठ्या रिम घालणाऱ्या लोकांशी माझं भांडण नाही, पण मुंबईत रस्त्यावरचा मार खायला रबर आणि हवेची जी काही बोटभर उशी असते ती मी कुठल्याही देखाव्यासाठी देणार नाही. लोड इंडेक्स ७७, म्हणजे ४१२ किलो, मूळ ७१ पेक्षा वरच. तो कधी खाली जाऊ द्यायचा नाही हे सिएटवाल्या काकांचं वाक्य मला लहानपणापासून लक्षात होतं, फक्त आता त्याचा अर्थ कळला.

रिम शोधायला मात्र सव्वा वर्ष गेलं. १३ इंची, साडेपाच रुंद, ११४.३ ची एकच पीसीडी, ऑफसेट मूळ रिमच्या जवळचा, आणि मुख्य म्हणजे हलकी. अ‍ॅलॉय म्हणजे हलकंच असा समज आहे, तो खरा नाही, स्वस्तातले कित्येक अ‍ॅलॉय पत्र्याच्या रिमपेक्षा जड भरतात. माझे १४ इंची टायरसकट उचलायला मला त्रास व्हायचा. बाबा माझ्याबरोबर कुर्ल्याला यायला लागले, हातात स्प्रिंगचा तराजू, ज्यावर पूर्वी रद्दीवाले रद्दी तोलायचे तसला. दुकानदार हसायचे, बाबांना फरक पडायचा नाही, रिम आकड्याला लटकवायची, आकडा वहीत लिहायचा, पुढे चला. मिळाल्या शेवटी, २०१४ च्या दिवाळीत, अगदी साध्या सिल्व्हर रंगाच्या. हब रिंग ठाण्याच्या काकांनी आणवून दिल्या. त्यांनीच अ‍ॅलॉयचे नट वेगळे असतात तेही दाखवलं, नटाचं तोंड रिमच्या खाचेला जुळलं पाहिजे, पत्र्याच्या रिमचे जुने नट तसेच वापरले तर वरून घट्ट वाटतं आणि आत नीट बसलेलं नसतं. नट समोरासमोर, आलटून पालटून आवळायचे, आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर परत एकदा. ते शंभर किलोमीटर बाबांनीच केले. मग खांबापाशी आले. मी भिंतीला टेकून उभा होतो, मागे या मागे या म्हणत नव्हतो, त्यांना चालत नाही तसं. पूर्ण डावीकडे, मागे, पूर्ण उजवीकडे. तिसऱ्या वळणाला थोडे थांबले, हात बदलला, परत फिरवलं. लागली गाडी. उतरून म्हणाले आधीपेक्षा जड आहे पण चालेल, आणि खड्ड्यात आवाज कमी झालाय. हे १४५ पेक्षा किंचित जड राहणारच, ते मला मान्य आहे. म्हणून पुढच्या टायरांत हवा दोन पीएसआय जास्त ठेवतो, तेवढाच खांद्याला आराम, आणि पावसातही बरं.

आता रस्त्यावर बघणाऱ्याला कळतही नाही काही बदललंय. इन्शुरन्सला लेखी कळवलंय. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, जानेवारी २०१९ मधे सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, त्यामुळे दर पाच वर्षांनी आरटीओत जायची वेळ आली की आम्ही पत्र्याचे रिम चढवून जातो. २०२३ ला फी एकदम ५,००० झाली होती. बाबा पावती फोल्डरमधे लावत म्हणाले, महाग नाही, पाच वर्षांचे आहेत.

गेल्या महिन्यात गावाहून येताना वडखळच्या अलीकडे पुढचं डावं टायर बसलं. लांब खिळा. स्टेपनी अजून पत्र्याची आहे, बाबांनी हट्टाने एक तरी मूळ चाक गाडीत ठेवायला लावलं, त्यावरचा टायर १४५ चाच, कोड ३११९, म्हणजे २०१९ चा एकतिसावा आठवडा. मी ती पुढे लावायला घेतली तर गाडीतून आवाज आला, पुढे नको. मागचं चाक पुढे घे आणि ही मागे लाव. बरोबर आहे, पुढची चाकं गाडी ओढतात, डावं-उजवं लहानमोठं असेल तर डिफरन्शिअल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरांचा जोड, सतत काम करत बसतं. म्हणून भर उन्हात एकाऐवजी दोन चाकं काढली. बाबा छत्री धरून शेजारी उभे. साठ-पासष्टने पेणपर्यंत आलो. बाबा गप्प होते, मग म्हणाले मागे डावीकडे गाडी बसलीय थोडी, जाणवतंय मला. मी म्हटलं बाबा, दोन चाकांच्या उंचीत जेमतेम बारा मिलिमीटरचा फरक आहे, म्हणजे बसली तर सहा मिमी बसली असेल, सीटवर बसून कसं कळेल. पेणला पंक्चरवाल्याकडे थांबलो तेव्हा त्यांनी पॅसेंजर सीटखालून आपली जुनी स्टीलची पट्टी काढली, आधी उजव्या बाजूला वाकले, मग डाव्या, खांद्याला हात लावून सरळ झाले आणि पट्टीवर अंगठ्याचं नख धरून मला दाखवलं.